दोन डोंगरांमधला सूर्य

(हे आमच्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग घरात बसून केलेला नाही. मागे जो आवाज येतोय तो गोदावरीचा आहे, आणि मधूनच जो फडफडाट होईल तो कबुतरांचा. जानेवारी आहे, सकाळचे साडेसात वाजलेत, नाशिकची थंडी कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. मी गोदाघाटावर एका पायरीवर बसलेय. समोर, नदीच्या पलीकडे नारोशंकराचं देऊळ आहे. मांडीवर एक चित्र आहे. त्याचं नंतर सांगते, आधी तुम्ही एक काम करा.

डोळे मिटा. गाडी चालवत असाल तर अजिबात मिटू नका. चौथीत असताना चित्रकलेच्या तासाला बाई म्हणायच्या, 'निसर्गचित्र काढा.' तुम्ही काय काढायचात?

मी सांगते. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, त्याला काड्यांसारखी किरणं. डोंगरातून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत येणारी नदी. एक झोपडी. एक नारळाचं झाड. आणि आकाशात टिकमार्कसारखे चार-पाच पक्षी. बरोबर? मी नाशिकमध्ये काढलं, माझ्या मैत्रिणीने सोलापुरात काढलं, तुम्ही जिथे असाल तिथे हेच काढलंत.

आता नाशिककरांनो, प्रामाणिकपणे सांगा, असा डोंगर आपल्याकडे कुठाय? आपले डोंगर माथ्यावर सपाट असतात. ब्रह्मगिरी बघा, अंजनेरी बघा, रामशेज बघा. सुरीने वरचा भाग कापून टाकल्यासारखे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून हे डोंगर कोरले गेले, म्हणून त्यांना पायऱ्या दिसतात. पांडवलेणी आणि चामरलेणीचे डोंगर थोडेफार त्रिकोणी आहेत, तेवढी सूट देते. पण नारळ? नाशिकमध्ये? द्राक्षाचा वेल काढला असता तर मार्क कापले असते का?

आणि अजून एक गोष्ट, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. त्या चित्रात झोपडी आहे, पण झोपडीत राहणारं कोणी नाही. नदी आहे, पण पाण्याला आलेली बाई नाही, धुणं नाही, म्हैस नाही. निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा, हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी आपण सगळे तसंच काढत होतो.

माणसं नसलेला, उजेडाने भरलेला निसर्ग. या कल्पनेलाही इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात झगमगीत भाग एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडला. थांबा, आपलं चौथीतलं चित्र अमेरिकेतून आलं असं मी म्हणत नाहीये. व्हॉट्सॲपवर तसं फॉरवर्ड करू नका. पण तिकडे काय झालं ते ऐकलं, की आपल्या कागदाकडे बघायची नजर जरा बदलते. निदान माझी बदलली.

तर, थॉमस कोल. जन्म १८०१, इंग्लंडमधला. १८१८ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. १८२५ मध्ये न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या कडेने वर गेला, कॅट्सकिल नावाच्या डोंगरांत फिरला, तिथली चित्रं काढली आणि ती विकली गेली. त्याच्यामागून जी चित्रकारांची फळी उभी राहिली तिला पुढे 'हडसन रिव्हर स्कूल' म्हणायला लागले. स्कूल म्हणजे शाळा नाही, घराणं. आपल्याकडे किराणा, ग्वाल्हेर असतात ना, तसं.

कोलचं १८३६ चं एक चित्र आहे, 'ऑक्सबो'. नदी बैलाच्या जुवासारखी वळलीय म्हणून हे नाव. चित्राच्या डाव्या बाजूला वादळ, मोडलेली झाडं, काळोखं रान. उजव्या बाजूला लख्ख ऊन, आखीव शेतं, धूर सोडणारी घरं. उजेड कुठल्या बाजूला टाकलाय ते बघा. आणि नीट झूम केलंत तर मध्ये, झुडपांत, एक टोपीवाला माणूस चित्र काढत बसलाय. तो स्वतः कोल. म्हणजे सेल्फी आहे, पण इतकी बारीक की कोणाच्या लक्षात येऊ नये.

कोलचा शिष्य फ्रेडरिक चर्च. याच्याबद्दल मात्र जरा वेळ घेऊन सांगते, कारण हा माणूस म्हणजे त्या काळातला आयमॅक्स होता. १८५९ मध्ये त्याने 'हार्ट ऑफ द अँडीज' नावाचं चित्र न्यूयॉर्कमध्ये लावलं. एकच चित्र. साडेपाच फूट उंच, जवळजवळ दहा फूट रुंद. खोलीत अंधार, उजेड फक्त चित्रावर, चौकट अशी की आपण खिडकीतून बघतोय असं वाटावं. तिकीट पंचवीस सेंट. तीन आठवड्यांत बारा हजारांहून जास्त लोकांनी ते तिकीट काढलं. चित्रातलं पान न् पान दिसावं म्हणून लोक नाटकाला न्यायची दुर्बीण घेऊन यायचे!

पुढच्याच वर्षी त्याने 'ट्वायलाइट इन द विल्डरनेस' काढलं. रानातली संध्याकाळ. आकाश असं पेटलेलं की पहिल्यांदा मोबाइलवर बघितलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी फिल्टर लावलाय. फिल्टर नव्हता, केमिस्ट्री होती. कॅडमियमपासून केलेले पिवळे-नारिंगी रंग तेव्हा नव्यानेच बाजारात येत होते. आणखी एक शोध होता, साधा वाटणारा: रंगाची ट्यूब. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रंग काढायच्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडायचं, ते नीट बंद व्हायचं नाही. ट्यूब आली आणि चित्रकार तैलरंग खिशात घालून बाहेर पडायला मोकळा झाला. आपल्याकडे पॉवरबँक आल्यावर फिरणं कसं बदललं, तसं.

याच काळात काही चित्रकार वेगळं काम करत होते. भव्य काहीच नाही. स्थिर पाणी, एखादं शीड, लांबवर आडवी क्षितिजरेषा, आणि सगळ्यावर पसरलेला एकसारखा उजेड. ब्रशचा फटकारा कुठे दिसायचाच नाही. काच पुसावी तसा पृष्ठभाग. फिट्झ हेन्री लेन, मार्टिन जॉन्सन हेड, जॉन केन्सेट, सॅनफर्ड गिफर्ड ही त्यातली नावं. या पद्धतीला 'ल्युमिनिझम' म्हणतात. मराठीत 'प्रकाशवाद' म्हणता येईल, पण ते एखाद्या पक्षाचं नाव वाटतं. गंमत म्हणजे या मंडळींनी स्वतःला ल्युमिनिस्ट कधी म्हटलंच नाही. हा शब्द जॉन बाउर नावाच्या अभ्यासकाने १९५४ मध्ये रूढ केला, सगळे मरून गेल्यावर.

त्यातला लेन मला फार आवडतो. ग्लॉस्टर नावाच्या मासेमारीच्या गावात जन्मला, लहानपणीच पाय गेले, आयुष्यभर कुबड्या. त्याने आपल्याच बंदराची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. तीच खाडी, तीच जहाजं, वेगवेगळी वेळ. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता या उजेडाची दुसरी बाजू.

कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाची दरी आहे. उभे कडे, धबधबे, तुमच्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर कधीतरी येऊन गेली असेल. अल्बर्ट बीअरश्टाट हा चित्रकार १८६३ मध्ये तिथे गेला. १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने सही करून ही दरी सर्वांसाठी राखून ठेवायला कॅलिफोर्निया राज्याकडे दिली. आणि १८६५ मध्ये बीअरश्टाटने दरीचं भलंमोठं चित्र पूर्ण केलं. कड्यांच्या मधोमध सोनेरी सूर्य, खाली शांत पाणी, माणूस एकही नाही. दोन डोंगर, मध्ये सूर्य, नदी. ओळखीचं वाटतंय?

पण दरी रिकामी नव्हती, ती रिकामी केली होती. तिथे अवानीची लोक राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी दरीत घुसली, त्यांची घरं आणि साठवून ठेवलेलं खाणं जाळलं, लोकांना हुसकावलं. काही जण नंतर परत आले, राहिलेही. चित्रकार तिथे पोचला तो या घटनेनंतर फक्त बारा वर्षांनी. त्याने जाळपोळ बघितली नव्हती. त्याने जे काढलं ते सुंदरच आहे, मी नाकारत नाही. त्याच बीअरश्टाटने रॉकी पर्वताच्या एका चित्रात मूळ रहिवाशांचा अख्खा तळ काढलाय, हेही सांगायला हवं. पण योसेमिटीच्या त्या चित्रात उजेड इतका भरलाय की 'इथे कोणी होतं का?' हा प्रश्न मनात येतच नाही. जणू देवाने पृथ्वी आत्ताच बनवून ठेवलीय आणि फक्त आपलीच वाट बघतेय.

आणि हे तिकडेच झालं असं समजू नका. १८७८ चा ब्रिटिशांचा वनकायदा आला, जंगलं 'राखीव' झाली, आणि पिढ्यान्पिढ्या तिथून लाकूडफाटा, मध, चारा आणणाऱ्यांना परवानगी मागावी लागली. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या मुलांना हे मी सांगायची गरज नाही. त्यावर एक अख्खा भाग करायचाय, आत्ता पुढे जाते.

तर अमेरिकेतून मुंबईला यायचं आहे, आणि त्यासाठी खरोखरच एक माणूस आहे. लॉकवूड डी फॉरेस्ट. जन्म १८५०, निसर्गचित्रकार, आणि चित्रं काढायला शिकला तो थेट फ्रेडरिक चर्चकडून. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन हा भारतात आला, १८८१ च्या सुमारास. आला, आणि निसर्गाऐवजी आपल्या लाकडी कोरीवकामाच्या प्रेमात पडला. अहमदाबादला मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर कोरीवकामाचा कारखाना काढला आणि तिथली दारं, कमानी, पडदे न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या घरांत नेऊन बसवले.

मला गंमत याची वाटते की साधारण त्याच वर्षांत, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, जे १८५७ मध्ये सुरू झालं होतं, कोल्हापूरचा एक तरुण प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून पेन्सिलीने छायाप्रकाश शिकत होता. त्याचं नाव आबालाल रहिमान.

इथे मी जरा रेंगाळणार आहे. चहा घ्यायचा असेल तर आत्ता घ्या.

आबालालांचा जन्म १८६० च्या आसपासचा. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा. म्हणजे बोरू, शाई, रेषेचं वळण हे सगळं हातात आधीपासून. जे. जे.त त्यांनी नाव काढलं, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. तेव्हा जे. जे.त पदक मिळवलेल्या हुशार विद्यार्थ्यापुढचा रस्ता ठरलेला असे: मुंबईत राहायचं, पारशी शेठजींची आणि साहेबांची पोर्ट्रेट करायची, पैसा आणि नाव कमवायचं. आबालाल कोल्हापूरला परत गेले.

पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबाराची म्हणून जी कामं असतात ती त्यांनी केली. पण स्वतःच्या ओढीने ते जायचे पाण्यावर. रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ. तीच तळी, तीच नदी, सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठवला ना ग्लॉस्टरचा लेन? त्याचे पाय लहानपणीच गेले होते. यांचे पाय शाबूत होते, तरी हे कोल्हापुरातच राहिले.

रंकाळ्यात संध्यामठ नावाची एक दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात तळं भरलं की ती पाण्याखाली जाते, पाणी उतरलं की हळूहळू वर येते. आबालालांनी ती रंगवली. आपल्याकडे गोदावरीला पूर आला की 'पाणी कुठवर आलं?' याचं उत्तर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर शोधतात, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. संध्यामठ तसाच, पाण्याची पातळी सांगणारा दगड. अशी वास्तू चित्रात येते तेव्हा त्या चित्राला वर्षातला महिना असतो. ज्याने रोज तळ्यावर चक्कर मारलीय त्यालाच तो महिना रंगवता येईल.

त्यांच्या नंतरच्या चित्रांत रंग सपाट लावलेला नाही. बारीक बारीक ठिपके, तुकडे, एकमेकांशेजारी. जवळ गेलं की नुसते ठिपके, चार पावलं मागे आलं की पाणी. त्यामुळे आपले लिहिणारे लगेच म्हणतात, 'फ्रेंच इम्प्रेशनिस्टांसारखं!' हे वाचून मला दर वेळी थोडा राग येतो. कौतुक म्हणून म्हणतात, कळतं मला. पण आबालाल युरोपला गेले नव्हते. रंकाळ्यावर सकाळचं ऊन पडल्यावर पाणी तसंच दिसतं, ठिपक्या-ठिपक्यांचं. जाऊन बघा. त्यासाठी पॅरिसची गरज नाही.

आता चर्चचं ते दहा फुटी चित्र आणि हे शेजारी ठेवा. तिकडे अख्खा खंड एका चौकटीत, तिकीट, दुर्बिणी, अंधारी खोली. इकडे गावातलं तळं. तिकडे उजेड म्हणजे देवाचा आशीर्वाद, देशाचं भविष्य, अजून काय काय. इकडे उजेड म्हणजे सकाळचे आठ. मला विचाराल तर मी आठ वाजताच्या बाजूची आहे. चर्चचं चित्र बघून मी थक्क होते, पण त्यात मला बसायला जागा सापडत नाही.

शेवट मात्र वाईट आहे. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. आबालाल आधीच फकिरी वृत्तीने राहणारे, पुढची वर्षं ओढगस्तीची. त्यांनी आपली कितीतरी चित्रं तळ्यात बुडवून टाकली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. जी चित्रं उरली त्यातली काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. ज्या पाण्याची चित्रं काढली त्याच पाण्यात ती टाकून दिली, हे ऐकायला फार काव्यात्म वाटतं. मला ते काव्यात्म वाटत नाही. ज्या माणसाला चित्रं ठेवायला जागा आणि घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, त्याची ती गोष्ट आहे.

नाशिककर विचारतील, आपलं काय? आपलंही आहे. आबालाल ज्या दशकात जे. जे.त होते त्याच दशकात, १८८५ मध्ये, त्र्यंबकेश्वरला जन्मलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा तिथे दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो तैलरंग आणि जलरंग शिकला, मग फोटोग्राफीकडे वळला. १९१२ मध्ये त्याने कुंडीत वाटाणा पेरला आणि जवळजवळ महिनाभर एकेक फ्रेम टिपत त्याच्या वेलाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली. आजच्या भाषेत टाइमलॅप्स. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी आपल्या दादासाहेबांनी जे चित्रित केलं ते उजेडाकडे सरकणारं एक रोप होतं! मग ते नाशिकला आले, इथे कंपनी चालवली, सिनेमे काढले. तेव्हा शूटिंग चालायचं ते सूर्यावर. ढग आला की थांबा. निसर्गचित्रकाराचंच वेळापत्रक.

आणि रंगांत म्हणाल तर गोदाघाट, इथले वाडे, इथले बाजार जागेवर बसून रंगवणारे शिवाजी तुपे नाशिकचेच. त्यांचं नाव माहीत नसेल तर भाग संपल्यावर शोधा. आज रविवारी सकाळी घाटावर जी मुलं पॅड घेऊन बसलेली दिसतात, ती त्याच वाटेने आलेली आहेत.

त्या वाटेवर माझा मामाही होता. आता मांडीवरच्या चित्राकडे येते.

माझा मामा शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्याने शेकडो मुलं बसवली असतील. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलवर बोर्ड बांधून इथे यायचा. मागच्या वर्षी तो गेला. माळा आवरताना चित्रांचे गठ्ठे निघाले, बरेच वाळवीने खाल्लेले. घरच्यांनी रद्दीवाल्याला बोलावलं होतं. मी त्यातली अकरा वाचवली. वाचवली म्हणजे ॲक्टिव्हाच्या डिकीत मावली तेवढी. बाकीची गेली. आबालालांबद्दल बोलताना माझा आवाज चढला असेल तर त्याचं कारण हे आहे.

या चित्रामागे पेन्सिलीने लिहिलंय: 'गोदाघाट, जाने. १९७८, स. ७.४०.' म्हणून मी आज इथे याच वेळेला आलेय. समोर नारोशंकराचं देऊळ, त्याच्यामागून वर येणारं ऊन, खाली पाणी, आणि अलीकडे काळ्या दगडाच्या पायऱ्या. माणूस एकही नाही.

जलरंगाची एक गंमत तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. त्यात पांढरा रंग वापरत नाहीत, निदान जुन्या वळणाचे लोक नाही वापरत. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. सगळीकडे रंग लावायचा आणि उजेडाच्या जागेला हात लावायचा नाही. मामा मुलांना ओरडायचा, 'ऊन रंगवू नका, ऊन राखा!' या चित्रात डावीकडे, खालून तिसऱ्या पायरीवर, त्याने असा एक तुकडा राखलाय. काळ्या दगडावर लख्ख पांढरा, बोटभर रुंद. अख्ख्या चित्रात मला तोच तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. मला वाटायचं, देवळाच्या बाजूने ऊन येऊन त्या ओल्या पायरीवर असं पडलं असेल. काय नजर आहे!

आता मी त्या जागेवर बसलेय आणि ते ऊन शोधतेय. सापडत नाहीये. एक तर त्या पायऱ्याच राहिल्या नाहीत. मधल्या वर्षांत घाटाची कामं झाली, काँक्रीट आलं, फरशा आल्या. काळा दगड ऊन पितो, ओला झाला तरच चमकतो. काँक्रीट सगळंच ऊन परत फेकतं. त्यामुळे इथे सात-चाळीसला जो उजेड आहे तो पांढुरका, सगळीकडे सारखा. नदीतली जुनी कुंडं काँक्रीटमधून मोकळी करा अशी मागणी शहरात बरीच वर्षं चालू आहे. ती पाण्यासाठी, झऱ्यांसाठी आहे, आणि तेच बरोबर आहे. उजेडासाठी कोणी अर्ज करत नाही.

पण दुसरी गोष्ट अशी की दगड असता तरी ते ऊन मला सापडलं नसतं. हे मला मागच्या रविवारी कळलं.

मागच्या रविवारी मी हे चित्र घेऊन मामीकडे गेले होते. या भागासाठी तिच्याकडून मामाच्या दोन-चार गोष्टी मिळतील म्हणून. तिला अमेरिकेचं सगळं सांगितलं, ती योसेमिटीची दरी, माणसं गाळलेली चित्रं. तिने ऐकून घेतलं. मग चष्मा लावून चित्र बघत बसली. बराच वेळ काही बोललीच नाही.

मग म्हणाली, 'इथे आम्ही धुणं धुवायचो. मी, शेजारच्या काकू, त्यांची सून. रविवारी हे चित्र काढायला निघाले की मी सायकलच्या मागे धुण्याचं बोचकं घेऊन बसायचे. हे वरच्या पायरीवर, आम्ही खाली.'

मी विचारलं, 'मग मामाने तुम्हाला काढलं का नाही?'

'ते म्हणायचे, माणसं हलतात. आणि प्रदर्शनात स्वच्छ घाट लागतो.'

मग तिने त्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, 'मामी, ते ऊन बघ ना, काय सुंदर राखलंय.'

'ऊन कसलं गं? तिथे ऊन साडेआठशिवाय यायचं नाही, देवळाची सावली असायची. ती चादर आहे. आमची. लग्नात आलेली, निळ्या काठाची. पिळून पायरीवर टाकली होती.'

मी चित्र खिडकीपाशी नेलं. मोबाइलची टॉर्च लावून बघितलं. पांढऱ्या तुकड्याच्या खालच्या कडेला, केसाएवढी, एक निळी रेघ आहे. इतके दिवस मला ती सावली वाटत होती.

मामी आत जाऊन पोह्यांना फोडणी द्यायला लागली. आतूनच म्हणाली, 'ती चादर अजून आहे बरं का. फाटलीय, पण आहे. गादीखाली घातलीय.'

…आता आठला पाच कमी आहेत. समोर कळसाला ऊन लागलंय, खाली अजून सावली आहे. एक आजोबा मघापासून माझ्या माइककडे बघतायत, त्यांना मी रेडिओवाली वाटतेय. मी साडेआठपर्यंत थांबून बघणार आहे, तुम्ही थांबलात तर बॅटरी संपेल. चित्राचा फोटो या भागाबरोबर टाकलाय. निळी रेघ बघायची असेल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवा.

पुढच्या भागात पेठ, सुरगाणा आणि १८७८ चा वनकायदा. भेटू.